नर्चरिंगचा आलेख वाचण्याआधी छेदात कोण आहे ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा मेलची नर्चरिंग मालिका (संभाव्य ग्राहकांना टप्प्याटप्प्याने आपोआप जाणारे मेल) चालू आहे, दोन मेलमध्ये सात दिवसांचं अंतर. डॅशबोर्डवर ओपन रेट (मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण) बराच वर गेलाय, क्लिक रेट (मेलमधल्या लिंकवर क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण) जिथल्या तिथे आहे, आणि उघडणाऱ्यांपैकी क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण सतत घसरतंय. फनेलचा आलेख, म्हणजे प्रत्येक मेलपर्यंत किती जण पोहोचले ते दाखवणारा, तिसऱ्या-चौथ्या मेलपासून इतका निमुळता होतो की पुढचे मेल कुणी वाचतं की नाही अशी शंका यावी. वरिष्ठ म्हणतात, शेवटचे दोन मेल बंद करा. करावेत का?

एवढ्या माहितीवर नको. वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी मालिका उत्तम चालली असतानाही दिसू शकतात, आणि ती खरोखर ढेपाळली असली तरी चित्र साधारण असंच दिसेल. दोन्हींतला फरक कळायचा तर टक्केवारीच्या छेदाकडे बघावं लागतं. एकदाच सगळ्यांना पाठवलेल्या न्यूजलेटरचा छेद स्थिर असतो: इतक्यांना गेला, त्यातल्या इतक्यांनी उघडला. नर्चरिंगमध्ये रोज नवे लोक आत येतात, रोज काही बाहेर पडतात आणि प्रत्येक जण मालिकेच्या वेगळ्या टप्प्यावर असतो. म्हणजे पहिल्या मेलच्या छेदातली माणसं वेगळी आणि पाचव्या मेलच्या छेदातली वेगळी. डॅशबोर्ड मात्र दोन्ही आकडे शेजारी शेजारी, एकाच रंगात मांडतो आणि आपण त्यांची तुलना करून मोकळे होतो.

आधी फनेल घेऊ, कारण सर्वाधिक चुकीचे निर्णय त्याच्यावरून होतात. समजा दर आठवड्याला २०० लीड्स (संभाव्य ग्राहक) मालिकेत येतात. तुम्ही ‘गेल्या चार आठवड्यांत दाखल झालेले’ असा फिल्टर लावला. यात चार तुकड्या आल्या: २८, २१, १४ आणि ७ दिवसांपूर्वी दाखल झालेल्या, एकूण ८००. आता असं धरा की एकही माणूस गळलेला नाही, एकानेही अनसबस्क्राइब केलेलं नाही. पहिला मेल ८०० जणांना गेला. दुसरा सातव्या दिवशी जातो, तोही ८०० जणांना गेला. तिसऱ्यासाठी चौदा दिवस व्हावे लागतात, म्हणून तो ६०० जणांना. चौथा ४००, पाचवा २००, आणि सहावा शून्य, कारण पस्तीस दिवस कुणाचेच भरलेले नाहीत. आलेखात ८०० पासून शून्यापर्यंत उतरणारं सुबक फनेल तयार झालं आणि प्रत्यक्षात एकही लीड गेलेली नाही. ही घसरण फक्त कॅलेंडरची आहे.

म्हणून फनेल बघायचंच असेल तर ज्यांना मालिका पूर्ण करायला पुरेसा वेळ मिळालाय अशाच तुकड्या त्यात घ्या. तुमच्या मालिकेत शेवटचा मेल पस्तिसाव्या दिवशी जातो. त्यावर प्रतिसाद द्यायला एखादा आठवडा धरला, तर किमान ४२ दिवसांपूर्वी दाखल झालेले लोकच फनेलमध्ये हवेत. त्यानंतरही ते निमुळतं दिसलं तर ती गळती खरी, आणि मग ती अनसबस्क्राइबमुळे आहे, बाउन्समुळे (मेल न पोहोचता परत आल्यामुळे) आहे की लोक उद्दिष्ट गाठून बाहेर पडले म्हणून आहे, हे वेगळं करून बघा.

याहून चांगला मार्ग म्हणजे फनेल बाजूला ठेवून कोहोर्टचा, म्हणजे एकाच काळात दाखल झालेल्या तुकड्यांचा, तक्ता काढणं. ओळींमध्ये दाखल झाल्याचा आठवडा, रकान्यांमध्ये मेल क्रमांक, चौकटीत त्या तुकडीचा क्लिक रेट. असा तक्ता त्रिकोणी होतो, कारण नव्या तुकड्यांच्या उजवीकडच्या चौकटी अजून भरलेल्या नसतात. त्या चौकटी रिकाम्याच राहिल्या पाहिजेत. काही साधनं तिथे शून्य टाकतात आणि मग रकान्याची सरासरी विनाकारण खाली येते. तक्ता हाती आल्यावर पहिलं काम हे तपासण्याचं. आणि तो वाचायचा वरून खाली: पाचव्या मेलला जानेवारीच्या तुकडीने कसा प्रतिसाद दिला, फेब्रुवारीच्या तुकडीने कसा, मार्चच्या तुकडीने कसा. मेल बिघडला की सुधारला, हे या दिशेने कळतं. डावीकडून उजवीकडे वाचलं तर जवळपास प्रत्येक मालिकेत उतारच दिसतो, आणि त्यामागचं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ते कारण असं. चांगल्या बांधलेल्या मालिकेत जो माणूस मीटिंग मागतो किंवा चौकशीचा फॉर्म भरतो, त्याला आपणच मालिकेतून काढून सेल्सकडे देतो. म्हणजे सर्वात उत्सुक माणसं आधी बाहेर पडतात. एक हिशोब करून बघा. १,००० जण दाखल झाले, त्यात २०० उत्सुक आणि ८०० थंड. उत्सुक लोक ३० टक्के क्लिक करतात, थंड लोक ५ टक्के. पहिल्या मेलवर ६० आणि ४० मिळून १०० क्लिक आले, क्लिक रेट १० टक्के. पाचव्या मेलपर्यंत सगळे उत्सुक लोक मीटिंग ठरवून बाहेर गेले. उरलेल्या ८०० मधून ४० क्लिक, क्लिक रेट ५ टक्के. रेट निम्म्यावर आला, पण पाचव्या मेलमध्ये काहीही वाईट नाही. उलट पहिल्या चार मेलनी आपलं काम चोख केल्याचा हा पुरावा आहे. तुमच्या वरिष्ठांना हा एवढा हिशोब कागदावर मांडून दाखवा. शेवटच्या मेलची तुलना पहिल्या मेलशी करायचीच नसते. तीच जागा, तोच टप्पा, आधीची तुकडी, एवढीच तुलना रास्त आहे.

अनसबस्क्राइबचा परिणाम याच्या उलटा होतो. वैतागलेले लोक निघून गेले की उरलेल्यांची सरासरी वर जाते. एखाद्या मेलने पुष्कळ लोक पळवले तर त्याच्या पुढच्या मेलचा आलेख छान दिसू लागतो. त्यामुळे एखादा मेल अचानक चमकला तर आधी त्याच्या मागच्या मेलचे अनसबस्क्राइब बघा.

आता ओपन रेट. तो का चढला याचं उत्तर बहुधा तुमच्या मेलमध्ये नाही. ओपन मोजला जातो तो मेलमध्ये दडवलेलं एक अदृश्य चित्र सर्व्हरवरून मागवलं गेलं की. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ते चालू असलं की ॲपलचं मेल ॲप चित्रं आपल्या प्रॉक्सी (मधल्या) सर्व्हरमार्फत पार्श्वभूमीत आधीच उतरवून ठेवतं, माणसाने मेल उघडला असो वा नसो. तुमच्या साधनात मात्र ‘उघडला’ अशी नोंद पडते. इथे पत्ता कुठला हे महत्त्वाचं नाही. जीमेलचा पत्ता असला तरी तो ॲपलच्या ॲपमधून वाचला जात असेल तर हेच होतं. दुसऱ्या बाजूला, मेल प्रोग्रॅमने किंवा वापरणाऱ्याने चित्रं अडवून ठेवली असतील तर वाचलेला मेलही ‘न उघडलेला’ राहतो. तसंच मेलचा एचटीएमएल साधारण १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मध्येच कापतं, आणि मोजणीचं चित्र तळाशी असेल तर तेही कापलं जातं. म्हणजे चूक दोन्ही दिशांनी आहे, आणि तिचं प्रमाण तुमच्या यादीत कोण काय वापरतं यावर ठरतं.

तुमचं कोडं इथे बरंचसं सुटतं. उघडणाऱ्यांपैकी क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण काढताना ओपन छेदात असतात. खोट्या ओपनमुळे छेद फुगला, क्लिक तेवढेच राहिले, की हे प्रमाण घसरणारच. दोन्ही रेषा एकाच कारणाच्या आहेत. खात्री करायची असेल तर ॲपल प्रॉक्सीमधून आलेले ओपन वेगळे करण्याची सोय तुमच्या साधनात आहे का ते बघा. असेल तर ते वगळून दोन्ही आलेख पुन्हा काढा. नसेल तर क्लिक भागिले पोहोचलेले मेल, एवढाच दर धरा आणि ओपनवरचे आलेख पहिल्या पानावरून हटवा.

ओपनमुळे होणारं खरं नुकसान आलेखाच्या पलीकडचं आहे. अनेक मालिकांमध्ये ‘मेल उघडला तर या वाटेने, नाही तर त्या वाटेने’ अशी फांदी असते, किंवा प्रत्येक ओपनला लीड स्कोअरमध्ये (लीड किती उत्सुक आहे ते दाखवणाऱ्या गुणांकात) गुण मिळतात. खोट्या ओपनमुळे थंड माणूस गरम ठरतो, सेल्सकडून त्याला फोन जातो, आणि महिन्याभरात सेल्सचा तुमच्या स्कोअरवरचा विश्वास उडतो. तो परत मिळवायला फार वेळ लागतो. ‘सर्वाधिक ओपन किती वाजता’ हा आलेखही असाच निकामी झालाय, कारण चित्र ॲपने उतरवल्याची वेळ ही माणसाने मेल वाचल्याची वेळ नसते. फांद्या आणि गुण क्लिक, उत्तर, फॉर्म आणि वेबसाइटवरच्या भेटींवर बांधा.

क्लिकवरही आंधळा विश्वास ठेवू नका, विशेषतः तुमच्या लीड्स कंपन्यांच्या पत्त्यांवर असतील तर. बऱ्याच कंपन्यांचे सुरक्षा फिल्टर मेलमधल्या लिंका स्वतः उघडून तपासतात. हे क्लिक ओळखू येतात. मेल पोहोचल्यापासून काही सेकंदांत पडतात, एकाच वेळी सगळ्या लिंकांवर पडतात, अगदी तळाच्या प्रायव्हसी पॉलिसीच्या लिंकवरही, आणि एकाच डोमेनच्या (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या) अनेक पत्त्यांवरून ठरावीक पद्धतीने येतात. हे पकडण्यासाठी मी लिंकनिहाय क्लिकचा आलेख वापरतो. माणसं मुख्य बटणावर आणि पहिल्या एक-दोन लिंकांवर क्लिक करतात, त्यामुळे खरा आलेख एकीकडे कललेला असतो. सगळ्या लिंकांना जवळपास सारखे क्लिक दिसले तर तिथे यंत्र आहे. मेल गेल्यापासून पहिल्या मिनिटातले क्लिक वेगळे काढून बघितले की उरलेलं चित्र बरंच स्वच्छ होतं. त्यात एखादा घाईचा खरा माणूसही निघून जाईल, पण तेवढं चालेल.

मग येतं मिश्रण. एकूण क्लिक रेटची रेषा खाली आली म्हणून सगळा मजकूर नव्याने लिहायला घेण्याआधी लीड्सचा स्रोत बघा. समजा पहिल्या महिन्यात वेबिनारमधून ४०० लोक आले आणि त्यातल्या १२ टक्क्यांनी क्लिक केलं, म्हणजे ४८ जणांनी. ई-बुक उतरवून घेणारे १०० होते, त्यातल्या ४ जणांनी केलं. एकूण ५०० पैकी ५२, म्हणजे १०.४ टक्के. दुसऱ्या महिन्यात वेबिनारचे फक्त १०० आले, क्लिक १३ टक्के, म्हणजे १३. ई-बुकचे ४०० आले, क्लिक ५ टक्के, म्हणजे २०. एकूण ५०० पैकी ३३, म्हणजे ६.६ टक्के. दोन्ही गटांत मालिका सुधारली आणि एकूण आलेख कोसळला. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात, आणि नर्चरिंगमध्ये तो वारंवार समोर येतो, कारण जाहिरातीचा एखादा नवा मार्ग सुरू झाला की दाखल होणाऱ्यांचा पोत एका आठवड्यात बदलतो. स्रोतानुसार रेषा वेगळ्या करणं हा फिल्टरचा एक क्लिक आहे. तो प्रत्येक बैठकीआधी करा.

पण गट पाडायला लागलात की संख्या लहान होतात आणि आलेख उड्या मारू लागतो. १२० जणांना मेल गेला, ८ जणांनी क्लिक केलं, तर दर ६.७ टक्के. हाच मेल अशाच माणसांना पुन्हा पुन्हा पाठवता आला असता तर खरा दर कुठे असता? ९५ टक्के विश्वासाने साधारण ३.४ ते १२.६ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. मग या आठवड्यात ६.७ आणि पुढच्या आठवड्यात ९ टक्के आले म्हणून ‘विषयओळ बदलली, त्याचा फायदा झाला’ असं म्हणायला काही आधार उरत नाही. शून्याचंही तसंच आहे. १०० लोकांपैकी एकानेही अनसबस्क्राइब केलं नाही, तरी खरा दर ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो. अशा वेळी आठवड्याऐवजी महिन्याच्या तुकड्या करा, आणि आलेखावर टक्केवारीच्या शेजारी माणसांची संख्या छापा. ‘३३ टक्के वाढ’ हे तीनाचे चार झाले तरीही लिहिता येतं. शेजारी संख्या छापलेली असली की असं वाक्य बैठकीत कुणी उच्चारत नाही.

तारखांच्या अक्षाबद्दल एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. तुमचा आलेख क्लिक ज्या दिवशी पडला त्या दिवशी मोजतो, की ज्या दिवशी मेल गेला त्या दिवसाच्या खात्यात टाकतो? पहिला प्रकार असेल तर आजचे क्लिक गेल्या आठवड्याच्या मेलचे असू शकतात आणि छेद मात्र आजच्या मेलचा असतो. दुसरा प्रकार असेल तर शेवटचे काही दिवस नेहमीच खाली दिसतात, कारण त्या मेलना अजून वेळ मिळालेला नाही. ‘मेल गेल्यापासून सात दिवसांतले क्लिक’ अशी समान मुदत लावली की दोन्ही त्रास संपतात. शेवटचे सात दिवस आलेखात दाखवूच नका.

डिलिव्हरीच्या आलेखाकडे सहसा कुणी बघत नाही, कारण तो कायम ९८-९९ टक्क्यांवर सपाट असतो. ‘पोहोचला’ याचा अर्थ समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला, एवढाच. तो इनबॉक्समध्ये गेला की स्पॅममध्ये, हे त्या आकड्यात नसतं. सगळ्या मेलचे क्लिक एकाच आठवड्यात, एकाच मेल सेवेच्या पत्त्यांवर घसरले तर मजकुराला दोष देण्याआधी स्पॅमची शंका घ्या. त्यासाठी डोमेननुसार क्लिक रेटचा आलेख हवा. तक्रारींच्या बाबतीत तर एक मोठी फट आहे: कुणी स्पॅमचं बटण दाबलं, हे जीमेल तुमच्या मेल पाठवणाऱ्या साधनाला माणसागणिक कळवत नाही. त्यामुळे डॅशबोर्डवरचा तक्रारींचा आकडा जीमेल वगळून असतो. जीमेलचा आकडा गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये वेगळा बघावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी) आणि प्रचाराच्या मेलसाठी एका क्लिकचं अनसबस्क्राइब आवश्यक झालंय. तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ पर्यंत कधीच जाऊ देऊ नका, असं गूगल सांगतं. तिथेही छेद पाहाच. हा दर इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या मेलवर काढलेला असतो. तुमचे बहुतेक मेल थेट स्पॅममध्ये जात असतील तर तक्रारी कमी दिसतात आणि परिस्थिती प्रत्यक्षात जास्त वाईट असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. शेवटचे दोन मेल ठेवायचे की काढायचे, हे वरचा कुठलाही आलेख सांगू शकणार नाही, कारण त्या मेलशिवाय काय झालं असतं हे त्यात कुठेच नाही. मीटिंगचं श्रेय शेवटच्या क्लिकला देणारा आलेख असो की सगळ्या मेलमध्ये वाटणारा, दोन्ही गृहीत धरतात की मेलमुळेच मीटिंग झाली. काही माणसं तशीही आली असती. म्हणून चाचणी लावा. चौथ्या मेलपर्यंत पोहोचलेल्या आणि अजून मालिकेत असलेल्या लोकांची चिठ्ठी टाकून विभागणी करा: अर्ध्यांना पाचवा-सहावा मेल जाऊ द्या, अर्ध्यांना नको. विभागणी यादृच्छिकच हवी. ‘जे उघडत नाहीत त्यांना वगळू’ अशी केली तर आधीच वेगळी असलेली माणसं वेगळी दिसतील आणि काही सिद्ध होणार नाही. मग चौथ्या मेलनंतर ठरावीक दिवसांत, समजा ४५, दोन्ही गटांतून किती मीटिंग झाल्या आणि किती जणांनी अनसबस्क्राइब केलं ते बघा. छेदात त्या गटात टाकलेले सगळे लोक घ्या, फक्त मेल उघडणारे नाहीत.

निकालाची घाई करू नका. एका गटात १०० लोक आणि ८ मीटिंग असतील तर खरा दर साधारण ४ ते १५ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो, आणि दुसऱ्या गटात १० आल्या तर तो फरक म्हणता येत नाही. तुमच्याकडे आठवड्याला किती लीड्स चौथ्या मेलपर्यंत येतात ते मोजा, आणि चाचणी किती आठवडे चालवायची ते आधीच ठरवून वरिष्ठांना लेखी कळवा. मधल्या काळात दर सोमवारी रेषा बघून ‘आता थांबवू या’ असं म्हणायचं नाही, हेही त्याच मेलमध्ये लिहा. आणि सेल्सकडून प्रत्येक मीटिंगची तारीख आणि लीडचा गट न चुकता नोंदला जाईल याची सोय चाचणी सुरू करण्याआधी करून घ्या. ती नोंद मागाहून जुळवता येत नाही.